दोरीला कुलूप

समाजाच्या परिचय मेळाव्याच्या वेबसाइटवर आचलला स्वतःचीच स्थळाची चिठ्ठी सापडली, तेव्हा तिला आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग सवयीनं तिनं त्या वेबसाइटची कडी हलवून पाहिली.

राग आला कारण चिठ्ठी बाबांनी तिला न विचारता टाकली होती. हसू आलं ते 'स्वभाव: शांत' हे वाचून. आणि कडी हलवणं हा तर तिचा धंदाच होता. नागपूरच्या एका कंपनीसाठी ती वर्ध्यात, बाबांच्या कापडदुकानाच्या वरच्या खोलीत बसून, लोकांच्या वेबसाइट तपासायची. कुठं खिडकी उघडी राहिली, कुठं कडी लागत नाही, ते शोधायचं आणि मालकाला कळवायचं. पाच वर्षं हेच केल्यावर माणूस कुठल्याही दारासमोर सरळ उभा राहू शकत नाही, हात आपोआप कडीकडे जातो.

वेबसाइटशी बोलायचे काही ठरलेले शब्द असतात. 'गेट' म्हणजे दाखव. 'पोस्ट' म्हणजे हे घे, ठेव. बहुतेकांचं एवढ्यावर भागतं. पण 'पुट' म्हणजे तिथलं काढ आणि त्या जागी माझं ठेव, आणि 'डिलीट' म्हणजे काढूनच टाक. शिवाय एक भाबडा शब्द आहे, 'ऑप्शन्स'. तो नुसता विचारतो, की बाई, तुझ्याकडे कोणकोणते शब्द चालतात? शहाणी वेबसाइट मोजकं उत्तर देते, काही तर तोंडच उघडत नाहीत. मेळावा भरवणाऱ्या मंडळाच्या वेबसाइटनं मात्र पाहुणचारात काही कमी ठेवलं नाही. तिनं सगळी यादी वाचून दाखवली: गेट, पोस्ट, पुट, डिलीट, आणि वर ट्रेससुद्धा, जे आपण बोललेलं जसंच्या तसं परत ऐकवतं आणि ज्यातून कधीकधी नको त्याच्या कानावर नको ते जातं.

आचल खुर्चीवर मागे रेलली. तिची चिठ्ठी दोनशे सतरा नंबरची होती. एक ओळ लिहायची, 'डिलीट, चिठ्ठी दोनशे सतरा', आणि एंटर. तीन आठवड्यांवरचा मेळावा, तिथं बघायला येणारी माणसं, 'स्वभाव: शांत', सगळं एका बोटाच्या अंतरावर होतं.

ते बोट तिनं उचललं नाही. तिच्या धंद्याचा पहिला नियम असा, की लेखी परवानगी नसेल तर हात लावायचा नाही. शब्द विचारणं वेगळं आणि वापरणं वेगळं. चिठ्ठी तिची असली तरी सर्व्हर मंडळाचा होता. आपल्या सुटकेची किल्ली हातात असून, परवानगीचा कागद नाही म्हणून ती खिशात ठेवणारी मुलगी अख्ख्या वर्धा जिल्ह्यात हीच एक असेल. तिचा तिलाच फार वैताग आला.

मग ती सरळ मार्गानं खाली दुकानात गेली. प्रभाकरराव गिऱ्हाइकासमोर थान उलगडत होते.

"बाबा, माही चिठ्ठी उतरवा. तुमच्या फोनवर बटन हाये तिचं."

"काऊन?" प्रभाकररावांनी मान वर केली नाही. "तीन हप्त्यानं मेळावा हाये. हिंगणघाटचे लोकं येऊन राह्यले, गजेंद्रच्या घरचे. मी त्याईले जबान देली."

"मले विचारलं का तुम्ही?"

"विचारलं असतं त तू नाई म्हनली असती."

गिऱ्हाईकसुद्धा पटल्यासारखं हसलं. आचल पाय आपटत वर आली आणि निदान आपलं काम तरी करावं म्हणून वेबसाइट बनवणाऱ्याला ईमेल लिहायला बसली.

आता ही चिठ्ठी काय आहे ते सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. या समाजाचा मेळावा चाळीस वर्षं चालत आलेला. मांडवात एक लांब काथ्याची दोरी बांधायची आणि लग्नाच्या मुलामुलींची माहिती लिहिलेले कागद कपड्यांच्या चिमट्यांनी तिला लटकवायचे. ज्याचं जमलं त्यानं स्वतःच्या हातानं चिठ्ठी उतरवायची, माइकवर कुठं जमलं ते सांगायचं आणि मांडवाला पेढे द्यायचे. एकदा उतरलेली चिठ्ठी त्या वर्षी परत चढत नाही. नियम एवढेच. दोरीला राखणदार कधी लागला नाही. चारशे घरांचे डोळे दोरीकडे असताना दुसऱ्याची चिठ्ठी कोण उतरवणार?

मंडळाचे अध्यक्ष अण्णाजी या दोरीचे जन्मापासूनचे साक्षीदार. किराण्याची घाऊक पेढी मुलांवर सोडून त्यांनी आपलं सगळं लक्ष समाजावर केंद्रित केलं होतं. आणि वेबसाइट बनवणारा नीलेश पुलगावचा. त्याचं तिथं कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि ही वेबसाइट त्यानं समाजासाठी हौसेनं करून दिली होती.

आचलनं कडक ईमेल लिहिली. तुमच्या वेबसाइटवर पुट आणि डिलीट उघडे दिसतात. उतरवायचं बटण ज्याच्या त्याच्या फोनवरच दिसतं हे खरं, पण सर्व्हर 'तू कोण' म्हणून विचारत नसेल तर बटणाची गरजच नाही, जगातला कोणीही कोणाचीही चिठ्ठी उतरवू शकेल, किंवा पुट वापरून मुलाची उंची सहा फूट आणि मुलीचं शिक्षण चौथी पास करू शकेल. कृपया खुलासा करावा.

अशा ईमेलला काय उत्तरं येतात ते तिला पाठ होतं. एक, तुम्ही कोण विचारणारे. दोन, आमच्याकडे असं होत नाही. तीन, उत्तरच नाही. नीलेशचं उत्तर अर्ध्या तासात आलं आणि ते तिन्हींत बसत नव्हतं. 'बरोबर आहे. सर्व्हर विचारत नाही. चूक माझी आहे.'

आचलनं ते तीनदा वाचलं. पाच वर्षांत एकाही वेबसाइटवाल्यानं तिला 'चूक माझी आहे' असं लिहिलं नव्हतं. ती उठून विनाकारण खिडकी उघडून परत लावून आली.

नंतर फोन झाले. मग एका मंगळवारी नीलेश सामान घ्यायला वर्ध्याला आला आणि एसटी स्टँडजवळच्या गाड्यावर दोघांनी तर्री-पोहे खाल्ले. नीलेश सावळा, उंच, बोलताना चष्मा सारखा वर करणारा. त्यानं सगळी हकिगत सांगितली.

"मी पह्यले लॉगिन ठेवलं होतं जी. अण्णाजी म्हणे, दोरीले कोनी कुलूप लावते का? खेड्यातल्या मान्साचा पासवर्ड हरवला त त्याची चिठ्ठी वर्षभर लटकतच राहीन. दोरीवर जसं हाये तसंच कर. मी तसंच केलं."

"पन दोरीवर सगळ्याईले हात दिसते," आचल म्हणाली. "इथं हात कोनाचा हे दिसतच नाई."

नीलेशचा चमचा हवेतच थांबला. "हे मले सुचाले पाह्यजे होतं," तो म्हणाला. तर्री तिखट होती म्हणून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आचलला वाटलं की हा माणूस बरोबर गोष्टीवर रडतो. तिला तो आवडला होता. नुसता आवडला नव्हता, रात्रीपर्यंत ती त्या रस्सेदार पोह्यांच्या आठवणीनं अकारण हसत राहिली होती. वेबसाइटवर त्याचीही चिठ्ठी होती, तीनशे आठ नंबरची. ती तिनं बावीस वेळा उघडून पाहिली, सगळ्या वेळा गेट वापरून, नियमात राहून. 'स्वभाव: विचारू नये,' असं त्यानं लिहिलं होतं.

पण नीलेशनं त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. तो फक्त पुट आणि डिलीटबद्दल बोलायचा. आचलही फक्त पुट आणि डिलीटबद्दल बोलायची. अठरा दिवस दोन तरुण माणसं रोज तासभर हे दोनच शब्द बोलत होती. त्यांचा आवाज मात्र दुसरंच काहीतरी सांगत होता.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती, पण अण्णाजींनी करू दिली नाही. मेळाव्याच्या तोंडावर चालत्या गाडीला हात लावायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. शेवटी शनिवारी सकाळी आचल मंगल कार्यालयात गेली. तिथं दोरी बांधणं चाललं होतं. अण्णाजी खुर्चीवर बसून चिमटे मोजून घेत होते आणि प्रभाकरराव, मंडळाचे सचिव, माइकवाल्याशी हुज्जत घालत होते.

"अण्णाजी, यादीत शब्द हाये म्हणजे तो चालतेच असं नसते," आचल म्हणाली. "खात्री कराची असन त करून पाहा लागते. मले लेखी परवानगी द्या. एकच चिठ्ठी उतरवतो. उतरली त कुलूप लावाचं, नाई उतरली त मी तोंड बंद ठेवतो."

अण्णाजींना हा सौदा पसंत पडला. "उद्या सगळ्याईसमोर करून दाखव," ते म्हणाले. "समाजात कुजबूज होऊन राह्यली, एकदाची मिटून जाऊ दे. पन चिठ्ठी कोनाची?"

"माहीच. दुसऱ्याची काऊन उतरवू?"

तिनं खिशातून कागद काढला. 'प्रात्यक्षिकासाठी चिठ्ठी क्रमांक २१७ वेबसाइटवरून उतरवण्यास मंडळाची परवानगी आहे.' अण्णाजींनी सही केली. सचिवांची सही लागत होती, म्हणून तिनं तो बाबांपुढे धरला. प्रभाकररावांचा चष्मा घरी होता आणि माइकवाला ऐकत नव्हता. कुठलं तरी बिल असेल म्हणून त्यांनी झोकात सही ठोकली.

आचल कार्यालयाच्या पायऱ्या दोन-दोन करून उतरली. चिठ्ठी उतरणार, लेखी परवानगीनं उतरणार, तीही बाबांच्या सहीनं, आणि नियमाप्रमाणे वर्षभर परत चढणार नाही. एका दगडात किती पक्षी पडतात ते मोजत ती ऑटोत बसली. नियमाचा उरलेला अर्धा भाग मात्र ती साफ विसरली होती.

रविवारी मांडव गच्च भरला. एका बाजूला दोरी, तिच्यावर मुलांच्या हिरव्या चिठ्ठ्या आणि मुलींच्या पिवळ्या. दुसऱ्या बाजूला मोठा पडदा, त्याच्यावर वेबसाइट. खाली नीलेश लॅपटॉप घेऊन बसला होता, आणि त्याला जोडूनच आचलचा लॅपटॉप. पहिल्या रांगेत हिंगणघाटची मंडळी होती. गजेंद्र पांढऱ्या कुर्त्यात घामाघूम बसला होता आणि त्याची आई पडद्यावरची पिवळी चिठ्ठी नंबर दोनशे सतरा निरखत होती.

अण्णाजी माइकवर म्हणाले, "आपल्या वेबसाइटले कोनी हात लावू शकत नाई. तरी आपली पोरगी म्हणते लावून पाहातो. लाव बाई."

आचलनं ओळ लिहिली. तिला हसू येत होतं. तिनं एंटर दाबलं. उत्तर आलं, दोनशे चार, म्हणजे काम झालं, आता सांगण्यासारखं काही उरलं नाही. पडद्यावर पिवळ्या चिठ्ठ्यांची रांग जराशी हलली आणि दोनशे सोळानंतर एकदम दोनशे अठरा आली.

अण्णाजींनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि पडद्याकडे पाहिलं. "म्हणजे कोनीही, कोनाचीही?" त्यांनी हळूच विचारलं. माइक चालू होता, त्यामुळे ते हळू राहिलं नाही.

"कोनीही, कोनाचीही," आचल म्हणाली. "आन कोनी उतरवली हे कोनाले दिसत नाई."

चाळीस वर्षं दोरीपाशी उभा राहिलेला माणूस होता तो. त्यांना आणखी सांगावं लागलं नाही. "नीलेश, लाव बावा कुलूप," ते म्हणाले. नीलेशची बोटं चालू झाली. दहा मिनिटं म्हणाला होता, सहा मिनिटांत झालं. आचलनं परत ऑप्शन्स विचारलं आणि वेबसाइटनं आज्ञाधारकपणे सांगितलं: गेट, पोस्ट, बस. उतरवायचा नवा रस्ता ओळख पटवून, पण तो संध्याकाळी सुरू होणार होता. तोवर कोणाचीच चिठ्ठी उतरणार नव्हती. आचलच्या छातीवरचा भार उतरला. काम फत्ते झालं होतं.

आणि मग बायकांच्या बाजूनं यशोदाबाई उभ्या राहिल्या. पंचवीस वर्षं मांडवात पेढे वाटायचं काम त्यांच्याकडे होतं आणि कॉम्प्युटर त्यांनी आजवर कधी मनावर घेतला नव्हता.

"ते कुलूपबिलूप राहू द्या," त्या म्हणाल्या. "पोरीनं आपल्या हातानं चिठ्ठी उतरवली. मी पाह्यलं, सगळ्याईनं पाह्यलं. प्रभाकरराव, कुठं जमलं ते सांगा ना. पेढे फोडू का?"

मांडवात एकदम जीव आला. कुठं जमलं, कुठं जमलं म्हणून चारही बाजूंनी विचारणा सुरू झाली. मागच्या रांगेत कोणी टाळ्या वाजवल्या. प्रभाकरराव स्टेजवर उभे होते, तोंड उघडं, आणि हिंगणघाटची मंडळी एकमेकांकडे बघत होती, आपलंच जमलं की काय म्हणून. गजेंद्र इतका घाबरला की त्याच्या आईनं त्याला पाणी दिलं.

"आचल," प्रभाकरराव स्टेजवरून म्हणाले, "हे काय करून राह्यली तू?"

"बाबा, तुमची सही हाये," आचल म्हणाली आणि लगेच तिला त्याचं वाईट वाटलं. तिनं माइक ओढला. "हे प्रात्यक्षिक होतं. माहं कुठंच जमलं नाई." पण आनंद झालेला मांडव प्रात्यक्षिक ऐकत नसतो. पेढ्यांचे डबे उघडले गेले होते.

अण्णाजींनी हात वर केला. "थांबा. नियम नियमासारखा. पडद्यावरची उतरली, पन दोरीवरची अजून लटकून हाये. पोरगी म्हनत असन त पडद्यावरचं आपन प्रात्यक्षिक धरू, चिठ्ठी परत चढवू. दोरीवर जे असन तेच खरं. सांग बाई, काय धराचं?"

आचलनं दोरीकडे पाहिलं. तिथं तिची पिवळी चिठ्ठी पंख्याच्या वाऱ्यावर हलत होती. दोरीवरचा हा कागद तिच्या लक्षातच नव्हता. 'प्रात्यक्षिक' एवढा एक शब्द म्हटला की सगळं जिथल्या तिथं जाणार होतं: चिठ्ठी पडद्यावर, गजेंद्र पहिल्या रांगेत, आणि पुट-डिलीटचं काम संपलं म्हणून नीलेश पुलगावात. तिला नको होता तो शब्द.

तेवढ्यात पडद्यावर लाल अक्षरं उमटली. 'चिठ्ठी क्रमांक ३०८ उतरवता येत नाही. चारशे पाच. या शब्दाला परवानगी नाही.'

सगळा मांडव पडद्याकडे वळला आणि मग पडद्याला जोडलेल्या लॅपटॉपकडे. नीलेश उतरवायच्या बटणावर बोट ठेवून बसला होता. स्वतःचीच चिठ्ठी उतरवत होता, आणि थोड्याच वेळापूर्वी आपणच लावलेलं कुलूप विसरला होता.

"तीनशे आठ कोनाची हाये?" मागून कोणीतरी विचारलं. उत्तराची गरज पडली नाही. नीलेश कानांपर्यंत लाल झाला होता.

आचल इतकी हसली की तिला टेबल धरावं लागलं. हसता हसता तिचे डोळे भरून आले. अठरा दिवस ज्या माणसानं एक अक्षर काढलं नाही, त्याच्या मनातली गोष्ट चारशे घरांसमोर लाल अक्षरांत लिहून आली होती, आणि तीही त्याच्या स्वतःच्या चांगल्या कामामुळे.

नीलेश उठला. त्यानं चष्मा वर केला आणि माणसांच्या मधून वाट काढत दोरीपाशी गेला. हिरव्या चिठ्ठ्यांत आपली शोधली, चिमटा उघडला आणि ती उतरवली. हात कोणाचा ते सगळ्यांनी पाहिलं. मग तो चार पावलं चालून पिवळ्या चिठ्ठ्यांकडे आला, आचलच्या चिठ्ठीसमोर उभा राहिला आणि हात मागे बांधले.

"हिले मी हात लावत नाई," तो म्हणाला. माइक लांब होता तरी शेवटच्या रांगेला ऐकू गेलं. "माह्यापाशी लेखी परवानगी नाई."

प्रभाकररावांनी मुलीकडे पाहिलं. अठ्ठावीस वर्षांत तिचं तोंड असं त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी खिसा चाचपला, चष्मा आज बरोबर आणला होता, तो लावला आणि परत पाहिलं. मग ते हिंगणघाटच्या मंडळींकडे वळून हात जोडायला लागले, तेवढ्यात गजेंद्रनंच सुटल्यासारखा श्वास सोडला आणि पेढ्याच्या डब्यात हात घातला.

"जाय," प्रभाकरराव मुलीला म्हणाले. "आता विचारून राह्यलो ना मी. जाय."

आचल दोरीपाशी गेली. चिमटा घट्ट होता, म्हणून पहिल्यांदा निघाला नाही. नीलेश मदतीला वाकला आणि आठवण होऊन थांबला. दुसऱ्यांदा चिमटा उघडला. 'स्वभाव: शांत' लिहिलेला तो पिवळा कागद तिनं चारशे घरांसमोर आपल्या हातानं उतरवला.